दोन लेखिकांमधला संबंध

कॉलेज सोडून मला आता इतकी वर्षं झाली आहेत, की तिथल्या फाटकावरचा चौकीदार मला "कोणाच्या आई तुम्ही?" असं विचारतो. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात समाजशास्त्र विभागातली एक तरुण शिक्षिका पाठीवर लॅपटॉपची बॅग अडकवून भर दुपारी आमच्या दारात उभी राहिली, आणि "मॅडम, तुमचा प्रभाव मोजायचा आहे," म्हणाली, तेव्हा मी तिला म्हटलं, "मोज बापा. पण आधी कूलरसमोर बस, पाणी पी. प्रभाव कुठे पळून नाही चालला."

ते मोजणं म्हणजे काय, हे मलाही तिनेच समजावून सांगितलं. एखाद्या अभ्यासकाने आपल्या लेखात तुमच्या लेखाचा हवाला दिला, की ते तुमचं एक उद्धरण. अशी उद्धरणं कॉम्प्युटर जगभरातून वेचून आणतो आणि तुमच्या नावापुढे आकडा मांडतो. तो आकडा म्हणजे तुमचा प्रभाव. आमच्या वेळी बाई वर्गात शिरल्यावर मागच्या बाकांवरची कुजबूज थांबते का, एवढाच प्रभाव मोजला जायचा. तोही माझा बेताचाच होता.

पावसाळ्याआधी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. प्रत्येक विभागाने आपल्या आजी-माजी शिक्षकांची उद्धरणं गोळा करून पाठवायची, असा हुकूम होता. आमचा विभाग आधीच खंगलेला. विद्यार्थी रोडावलेले, कायमची जागा रिकामी पडलेली, आणि सगळा भार ह्या एकट्या मुलीच्या खांद्यावर, तोही तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात जेवढे तास उभं राहायचं तेवढ्याच तासांचे पैसे. सुट्टीत वर्ग नाहीत, तर पैसेही नाहीत. प्राचार्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं: विभागाचा आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला तर विभाग राहील, आणि जूनपासून तुझे पूर्ण तासही राहतील. खाली राहिला, तर समाजशास्त्र नेऊन इतिहासाच्या ओसरीवर बसवू. आता ओसरीवर बसणाऱ्याला एवढे तास कोण देतो?

"विभागात जे जे होऊन गेले, त्यांतले बरेच वारले आहेत मॅडम," ती म्हणाली. "काहींचं काही सापडत नाही. तुम्ही आहात."

जिवंत असण्याचा असा रोखठोक उपयोग मला त्याआधी कोणी सांगितला नव्हता.

मुलगी आमच्या नागपूरजवळच्या उमरेडची. घरी हातमाग होते. वडिलांनी ते कधीच बंद केले, पण त्यांच्या लाकडांवर कोणी पाय दिलेला त्यांना अजून खपत नाही, असं ती सांगत होती. तिचा पीएच.डी.चा विषयही विणकरांच्या मुलींचाच. माझ्याशी बोलताना ती पुस्तकी मराठी बोले, आणि आईचा फोन आला की क्षणात "काहून वं आई, जेवून राहिली मी" असं सुरू व्हायचं. मला ती दुसरी जास्त आवडायची. पण ती दुसरी माझ्या वाट्याला फार उशिरा आली, आणि आली ती अशी आली, की आवडून घ्यायची सोय राहिली नाही. ते पुढे सांगते.

तिने माझं नाव टाइप केलं. पडद्यावर काही लेख आले, एक पुस्तक आलं. आकडा असा होता, की तिने तो मोठ्याने वाचला नाही. मी मोठी आहे म्हणून. मग तिने लेख एकेक उघडून वाचायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळाने मान वर केली.

"मॅडम, तुमच्या आधी ह्याच विषयावर एका बाईंनी काम केलेलं दिसतंय. तुम्ही त्यांचा खूपदा हवाला दिलाय."

"हो. दिला असेल."

"त्यांचा आकडा चांगला आहे. त्याही आपल्याच कॉलेजच्या दिसतात. तुम्ही ओळखता त्यांना?"

"चांगलीच. फार शहाणी समजायची स्वतःला."

"आता कुठे असतात?"

"लग्न झालं तिचं," मी म्हटलं, "मग काही कळलं नाही."

शेजारच्या खोलीतून आमच्या ह्यांचं खोकणं ऐकू आलं. हसू दाबताना ते खोकतात. मुलगी कधी त्या दाराकडे बघे, कधी माझ्याकडे. शेवटी मलाच तिची दया आली.

ती बाई मीच. माझ्या तरुणपणी मी कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत अभ्यास केला होता, शेजारणींच्या देवघेवीचा. नवी वसाहत, कुठकुठून आलेली कुटुंबं, एकसारख्या क्वार्टरांच्या रांगा, वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा थर. अशा ठिकाणी ओळखपाळख कशी वाढते? मी शोधून काढलं होतं, की ती वाटीने वाढते. एकीने विरजण मागायला वाटी पाठवायची. ती वाटी रिकामी परत द्यायची नाही, असा बायकांचा दंडक. मग दुसरीने त्यात उसळ घालून पाठवायची, तिने लोणचं. मी वसाहतीचा नकाशा काढून कोणत्या घरची वाटी कोणत्या घरी जाते, त्याच्या रेघा ओढल्या होत्या. खादीची पांढरी साडी, खांद्याला झोळी, आणि बसमधून उतरल्या उतरल्या चेहऱ्यावर असा भाव, की वसाहतीतल्या बायका माझ्याच वाटेकडे डोळे लावून बसल्या आहेत. "तुमच्या परस्परसंबंधांत वाटीचं स्थान काय?" असं मी एका बाईला खरोखर विचारलं होतं. तिने शांतपणे फळी दाखवली. "तिथं," म्हणाली.

त्या संशोधनाचा पहिला ठोस परिणाम म्हणजे माझं लग्न. मी जिच्याकडे पुन्हा पुन्हा मुलाखतीला जायची, त्या बाईंना मी पसंत पडले. त्यांचा मुलगा वीजकेंद्रात कामाला होता, तोही एकदा दाराआड उभा राहून मुलाखत ऐकत होता, हे नंतर कळलं. पण माझं पहिलं नाव आणि त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव एकच. घरात एक हाक मारली आणि दोघी धावत आल्या तर कसं चालायचं? तेव्हा लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं. आडनाव बदललं, मधलं बदललं, पहिलंही गेलं. जुन्यातलं अक्षरसुद्धा शिल्लक राहिलं नाही. मी समाजशास्त्राची बाई, स्त्रीच्या ओळखीवर व्याख्यानं झोडणारी. त्या ताटाकडे बघून मी काय केलं असेल? "हे जरा जुनाट वाटतं, दुसरं एखादं चालेल का?" असं विचारलं. एवढंच माझं बंड. दुसरं काही मिळालं नाही, तेही सांगून टाकते.

पुढे मी नव्या नावाने लिहू लागले. शोधनिबंधात 'मी' दिसला, की माझे मार्गदर्शक त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढायचे. तेव्हा आधीच्या कामाचा उल्लेख करायचा तर कसा? मी सरळ लिहीत गेले, की या विषयावरचा पहिला मूलगामी अभ्यास श्रीमती अमुक यांनी केला आहे. श्रीमती अमुक यांची निरीक्षणं सूक्ष्म आहेत. आज ते वाचून अंगावर काटा येतो. कोणी बघत नाही असं समजून एखादी पोर आरशासमोर स्वतःला ओवाळते ना, तशी ती सगळी वाक्यं. एका ठिकाणी मात्र मी तिच्याशी भांडलेही आहे. वाटी रिकामी परत जात नाही म्हणून वसाहतीत सगळ्या सारख्या होतात, असं ती म्हणाली होती. मी लग्नानंतर त्याच वसाहतीत राहायला गेले, तेव्हा दिसलं, की रोजंदारीवरच्या कामगाराची बायको कोणाची वाटी घेतच नाही. परत काय भरून देणार? मग मी पुस्तकात लिहिलं, श्रीमती अमुक यांचा निष्कर्ष घाईचा वाटतो. आणि घाईचा म्हणत म्हणत त्यांचा आख्खा निबंध उचलून माझ्या पुस्तकाचा दुसरा भाग करून टाकला. माझाच तर होता.

मुलगी हे सगळं ऐकून आधी खूप हसली. मग तिचं हसू थांबलं, आणि ती भराभर पडद्यावर काहीतरी बघू लागली.

"मॅडम," ती म्हणाली, "मशीनला तुम्ही दोघी वेगळ्या वाटताय."

आता ह्यात एक मेख होती. स्वतः स्वतःचा हवाला दिला, तर तो कॉम्प्युटर वजा करतो. बरोबरच आहे, आपणच आपली पाठ थोपटली तर तिला कोण प्रभाव म्हणेल? पण इथे एकीने दुसरीचा हवाला दिला होता. त्या लग्नाआधीच्या बाईंच्या आकड्यात निम्म्याहून जास्त वाटा माझा एकटीचा. उरलेला माझ्या विद्यार्थ्यांचा, त्यांनी माझ्या पुस्तकातून संदर्भ जसेच्या तसे उतरवले होते. दोघींना वेगळं ठेवलं, की विभाग रेषेच्या वर. एक केलं, की खाली.

तिने मला विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. ती दोन्ही नावं जशी होती तशी यादीत घालताना मी स्वयंपाकघरात जाऊन कैरीचं पन्हं केलं. खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती. आयुष्यभर ज्या पोरीला मी मनातल्या मनात टपल्या मारत आले, ती एकदाची कोणाच्या उपयोगाला येत होती.

गंमत काही दिवसच टिकली. आम्ही पाठवलेले लेख आणि पुस्तक समितीने एका दुसऱ्या यंत्रातून काढलं. चोरलेला मजकूर पकडणारं यंत्र. त्याने माझ्या पुस्तकाचा दुसरा भाग पानोपान लाल करून परत पाठवला: हा मजकूर श्रीमती अमुक यांच्या आधीच्या निबंधातून घेतलेला दिसतो. खाली एकच ओळ होती. 'दोन लेखिकांमधला संबंध स्पष्ट करावा.'

प्राचार्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. ते बाहेरून आलेले, माझ्या मुलाच्या वयाचे, अतिशय नम्र. एसी माझ्याकडे वळवून दिला, चहा बिनसाखरेचा चालेल का विचारलं. मग सगळं नीट मांडलं. उत्तर काही ना काही द्यावंच लागणार. उत्तर नाही दिलं तर चोरीचा डाग, तो पुसला जात नाही. दोन्ही लेखिका एकच असं सांगितलं, तर डाग जातो, पण उद्धरणं वजा होतात आणि विभागही जातो. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली होती, हात मांडीवर, नजर फरशीवर.

"तिसरा एक मार्ग आहे मॅडम," ते म्हणाले. "पहिल्या लेखिका हयात नाहीत, आणि त्यांनी आपला मजकूर वापरायला तुम्हाला आधीच परवानगी दिली होती, असं तुम्ही लिहून द्या. फक्त एक ओळ. शोधायला कोण जाणार आहे?"

मी विचारलं, "कशाने गेली ती?"

"अं?"

"ती बाई. कशाने वारली ते लिहायचं का?"

त्यांनी गांभीर्याने विचार केला. "नाही मॅडम. तेवढं ते विचारत नाहीत."

मी उद्या सांगते म्हणाले. बाहेर आल्यावर स्कूटर स्टँडच्या टिनाच्या सावलीत मुलगी थांबली. चावी तिच्या हातात होती पण ती गाडी काढत नव्हती. उन्हाने समोरचं मैदान पांढरं पडलं होतं. मी काहीतरी थट्टेचं बोलले, माझ्या श्राद्धाला कोण कोण येणार वगैरे. ती हसली नाही.

"सही करून टाका ना मॅडम," ती म्हणाली. "ती तर नाहीच ना आता. लग्नातच गेली, तुम्हीच म्हणून राहिल्या होत्या."

"गंमत करत होते मी."

"मी आहे ना पण. मी आहे आत्ता. मले जूनमध्ये वर्गात जायचं आहे."

पुस्तकी मराठी अशी एकदम गळून पडली, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही माझ्याशी पहिल्यांदा खरं बोलते आहे. मी तिचा हात धरला आणि बघते म्हणाले. बघते म्हणजे काय, हे तिला बहुतेक माझ्याआधी कळलं. तिने गाडी काढली.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. ते पेपर बाजूला ठेवून नीट ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे मी बिजवर ठरतो का?"

"कसे ठराल? तिच्याशी तुमचं लग्नच नाही झालं."

"तेही खरं. दारातच गेली बिचारी." मग पेपर पुन्हा उचलत म्हणाले, "त्या पोरीचं बघ काय ते. नावाचं काय एवढं? मी तर तुला आजवर दोन्हीतल्या एकाही नावाने कधी हाक नाही मारली."

हेही खरं होतं. ते मला 'अगं'च म्हणतात.

संध्याकाळी मी कागद घेऊन बसले. हस्ताक्षर माझं अजून चांगलं आहे. 'श्रीमती अमुक यांचे निधन झाले असून' इथपर्यंत वळणदार लिहून झालं. मग वाटलं, निधन झालं तर ते कोणत्या साली? साल घालायलाच हवं असं नव्हतं, पण शिस्त जात नाही. लग्नाचं साल घातलं असतं तर कुणाला खोटं म्हणता आलं नसतं. पेन तिथे थांबलं ते थांबलंच.

मला आठवत होतं ते फारसं भव्य नव्हतं. वसाहतीच्या थांब्यावर बसची वाट बघत उभी असलेली ती, केसात राख, हातात कोणीतरी दिलेली झाकलेली वाटी. त्या घरच्या बाईने परतभेट नको म्हणून बजावून दिलेली, आणि ही मनातल्या मनात, हे माझ्या सिद्धांतात कसं बसवू, म्हणून चिंतेत पडलेली. येडपट. बसमध्ये तिने ते सगळं उभ्याउभ्या बोटांनी खाऊन टाकलं होतं. तिला मी येडपट म्हणू शकते. शहाणी समजणारी, खादीची बाहुली, काय वाटेल ते म्हणू शकते. आमचं ते चालतं. पण ती होती आणि मेली, आणि मरण्याआधी तिने मला तिची पानं वापरायला परवानगी दिली, असं चार लोकांना लिहून द्यायचं? त्या परवानगीच्या शब्दावर माझा हात अडला. मी तिला कधी विचारलंच नव्हतं. ताटातल्या तांदळात तिचं नाव पुसलं तेव्हाही नाही, आणि नंतर तिची पानं उचलून पुस्तकात घातली तेव्हाही नाही.

मी तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं, 'दोन्ही लेखिका मीच आहे. लग्नाआधीचे आणि नंतरचे नाव पुढीलप्रमाणे.' दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचून कागद एका फायलीत घातला.

दुपारी मला एक छान कारण सुचलं. ते खोटं कधी ना कधी उघडकीला आलं असतं. माझ्या नोकरीच्या कागदांवर दोन्ही नावं आहेतच. आणि मग सापडली असती ती मुलगी. यादी तिने केली होती, पाठवणाऱ्याच्या जागी नाव तिचं होतं. तिला वाचवण्यासाठीच मी खरं लिहिलं! कारण इतकं चांगलं होतं, की मी ते ह्यांना सांगितलं, पुण्याच्या लेकीला फोनवर सांगितलं, नातीला कळेल अशा भाषेत सांगितलं. सगळ्यांना पटलं. फक्त मला माहीत होतं, की काल संध्याकाळी कागद फाडताना हे कारण खोलीत कुठेच नव्हतं.

समिती आली, फुलांचे गुच्छ झाले, जेवणं झाली. आकडा रेषेच्या खाली राहिला. फार नाही, थोडाच. ते थोडंच असणं जास्त टोचलं. जूनमध्ये समाजशास्त्र इतिहासाच्या ओसरीवर गेलं, आणि मुलीला पूर्वीच्या निम्मेही तास मिळाले नाहीत. मी जमतील तेवढे फोन केले. माझे जुने विद्यार्थी आता बऱ्या बऱ्या जागी बसलेले आहेत. सगळ्यांनी माझी तब्येत विचारली, पुस्तकाची आठवण काढली, एकाने तर ती वाट्यांची गोष्ट आपण अजून वर्गात सांगतो असं अगदी भरून येऊन सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं. जागा आहे का तुझ्याकडे? जागा कोणाकडेच नव्हती. माझा प्रभाव मी अशा रीतीने स्वतःही मोजून बघितला.

शेवटी तिने स्वतःच उमरेडकडच्या एका कॉलेजात थोडे तास मिळवले. आता ती घरी राहते, काही दिवस तिथे शिकवते आणि उरलेले दिवस एसटीने नागपूरला येते. दोन्ही मिळूनही पूर्वीइतके होत नाहीत.

पावसाळा सुरू झाल्यावर एका सकाळी ती माझी पुस्तकं परत करायला आली. प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून आणली होती. आत ये म्हटलं तर बस आहे म्हणाली, आणि दारातच उभी राहिली. मी बळेच चहा टाकला. तिने तो उभ्याउभ्याच घेतला. मला राहवलं नाही. मी माझं ते छान कारण तिला सांगायला घेतलं: यादीवर तुझं नाव होतं, उद्या सापडलं असतं तर तुझीच नोकरी गेली असती, कायमची गेली असती, म्हणून मी.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. कप कठड्यावर ठेवला.

"ते मी पाहून घेतलं असतं मॅडम," ती म्हणाली. "सापडायचं का नाही सापडायचं, ते माझं होतं. मले विचारलं असतं तं."

मी कठड्यावरचा कप उचलून हातात धरला.

"तुमचं नाव राहिलं," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "माझे तास गेले."

मला वाटलं, हिला सांगावं, नाव राहिलं म्हणजे तरी काय राहिलं? कॉम्प्युटरमध्ये आता दोघींची एक झाली आहे आणि आकडा इतका लहान आहे, की कोणी बघायला जाणार नाही. पण हे सांगून तिचा एकही तास परत येणार नव्हता. आणि दुसरंही एक होतं. घरोघर जाऊन बायकांना प्रश्न विचारण्यात माझं सगळं आयुष्य गेलं. तुम्ही काय खाता, कोणाकडे जाता, तुम्हाला काय वाटतं. ही माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसली होती, स्कूटरपाशी उभी होती, मी तिचा हात हातात घेतला होता. त्या संध्याकाळी एक फोन केला असता तर झालं असतं. मला तो सुचलाच नाही. जवानी सरली, पण शहाणं समजणं काही सरलं नाही, म्हणायचं.

ती पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेली. मी मागोमाग गेले. तिने छत्री उघडली.

"रागावलीस का वं?" मी विचारलं.

ती थांबली. खोटं बोलायचा तिने प्रयत्न केला नाही, हे मला आवडलं.

"राग येऊन राहिला मॅडम," ती म्हणाली. "गेला का मंग येईन."

आणि बस पकडायला निघून गेली. आता पोळाही होऊन गेला. ती अजून आलेली नाही.